घरी बनवलेली ई-सायकल : बॅटरी चार्ज करताना हे लक्षात ठेवा

आपल्या मोहल्ल्यातली पोरं हल्ली जुन्या सायकलला मोटर आणि लिथियम बॅटरी बसवतात. हुनर चांगलाच आहे. पण बॅटरीची नीट समज हवी, कारण चूक झाली तर आग घरातच लागते.

४८ व्होल्टच्या बॅटरीत बहुतेक वेळा १३ सेल एकामागे एक जोडलेले असतात. नेहमीचा लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला फुल होतो. १३ सेलचे झाले ५४.६ व्होल्ट. चार्जर तेवढ्याचाच हवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा चार्जर अजिबात लावू नका.

आता साधा हिशेब बघा. चार्जरला फक्त बेरीज दिसते. १२ सेल ४.१५ वर आणि एक ४.४ वर गेला, तरी बेरीज ५४.२ च होते. चार्जर थांबत नाही आणि तो एक सेल धोक्यात जातो. म्हणून बीएमएस नावाचं सर्किट लागतंच. ते प्रत्येक सेलवर नजर ठेवतं, कुणी मर्यादा ओलांडली की चार्जिंग तोडतं. पुढे गेलेल्या सेलची जादा वीज हळूहळू उष्णतेत घालवून सगळ्यांना बरोबरीत आणतं. यालाच बॅलन्सिंग म्हणतात.

हे काम बहुधा बॅटरी भरत आल्यावरच होतं. त्यामुळे अधूनमधून फुल चार्ज करा, हिरवा दिवा लागल्यावरही तासभर राहू द्या. मात्र घरचं कुणीतरी जागं हवं. रात्री झोपताना, जिन्यात किंवा दाराच्या वाटेवर चार्जिंग नको. फुगलेली बॅटरी तर चार्जरला लावूच नका.