बॅकअपसाठी आता रेस्टिक

जुना बॅकअप प्रोग्रॅम अखेर काढून टाकला. तो मध्येच थांबायचा, कारण सांगायचा नाही आणि अपडेट आला की सगळी सेटिंग पुन्हा करायला लावायचा. बॅकअप झालाय की नाही याचीच धाकधूक असेल, तर तो काय कामाचा?

आता रेस्टिक वापरतोय. मोफत आणि मुक्त स्रोत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. तो फाइलींचे तुकडे करतो आणि एकदा साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाही. त्यामुळे पहिला बॅकअप वेळखाऊ, पुढचे झटपट. तरी प्रत्येक स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळचा बॅकअप, पूर्ण दिसतो, म्हणून मागच्या महिन्यातली एखादीच फाइलही सहज काढता येते. २०२२ च्या ०.१४ आवृत्तीपासून कॉम्प्रेशनही आलं. डेटा एईएस-२५६ ने एन्क्रिप्ट होतो. पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला, म्हणून पासवर्ड कागदावर लिहून ठेवाच.

कमांड टाइप कराव्या लागतात, पण शिकायला अवघड नाहीत. मला सर्वांत आवडली ती ‘चेक’. तिला सगळा डेटा वाचायला सांगितलं की साठवलेला प्रत्येक तुकडा शाबूत आहे का ते ती तपासते.

प्रोग्रॅम बदलताना जुने बॅकअप लगेच पुसू नका. आधी नव्यातून दोन-चार फोल्डर रिस्टोअर करा, फाइली उघडून बघा.