हिरव्या पानातला हिरवा मणी

जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव महाराष्ट्रात शेततळ्यांसाठी आणि द्राक्षांसाठी ओळखले जाते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, येथे पाणलोटाची कामे झाली आणि अवर्षणप्रवण टापूत बागा उभ्या राहिल्या. ज्या बागेत पाण्याचा हिशेब इतका काटेकोर असतो, तेथेही मालाचा अंदाज सहसा निवडक वेलींवरचे घड मोजून, त्यांना सरासरी वजनाने गुणूनच बांधला जातो. ही मोजणी छायाचित्रांवरून करू पाहणारे शास्त्र म्हणजे संगणकीय दृष्टी, अर्थात चित्रातील वस्तू यंत्राने ओळखण्याची विद्या.

हिरव्या पानांत हिरवा मणी रंगावरून वेगळा काढता येत नाही, ही यातली मूळ अडचण. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात स्टीफन नस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिच्यावर काढलेला तोडगा आजही थक्क करतो. त्यांनी रंगाऐवजी आकाराचा आधार घेतला. गोल मण्याच्या कडेवरील प्रत्येक बिंदूपाशी उजेड-अंधाराचा उतार मध्याच्या रोखाने असतो. म्हणून प्रत्येक बिंदूने आपल्या उताराच्या दिशेने, ठरावीक त्रिज्येवर एक मत टाकायचे, आणि जेथे मते दाटतील तेथे मण्याचा मध्य असण्याची शक्यता धरायची. पानांची वेडीवाकडी कड अशी मते एकवटू देत नाही. मग रंग व पोत तपासून खोटे मध्य गाळले जातात आणि शेजारी मणी नसलेले एकटेदुकटे ठिपकेही वगळले जातात. २२४ वेलींवरील या प्रयोगात ओळींच्या उत्पादनाचा अंदाज प्रत्यक्ष वजनाच्या ९.८ टक्क्यांच्या आत आला. पुढे, माणसाने घड आखून दिलेल्या चित्रांवरून स्वतःच खुणा शिकणारी संगणकीय जाळी (न्यूरल नेटवर्क) आली. ब्राझीलमधील संशोधकांनी त्यासाठी ३०० छायाचित्रांतील ४,४३२ घडांचा संच खुला केला.

महाराष्ट्रातील बागेत मात्र ही विद्या जशीच्या तशी उतरत नाही. सोनाका या वाणाचा मणी लांबट असतो, आणि जिबरेलिक ॲसिड या संजीवकाने अनेक वाणांच्या मण्यांची लांबी आणखी वाढते, त्यामुळे गोलाकारावर बेतलेली मतमोजणी येथे कमकुवत पडते. परदेशी संचातील घड प्रामुख्याने वाइनच्या वाणांचे आहेत; विरळणी करून वाढविलेला खाण्याच्या द्राक्षाचा घड त्यांहून वेगळा दिसतो. मांडवाखालून वर पाहणाऱ्या कॅमेऱ्यासमोर आकाशाचा लख्ख उजेड येतो आणि घड काळवंडतात. ओळीतून चालताना तोच घड अनेक चित्रांत येत असल्याने त्याचा माग ठेवला नाही तर तो दोनदा मोजला जातो, आणि फटीतून पलीकडच्या ओळीचा मालही हिशेबात घुसतो.

सर्वांत कठीण प्रश्न पानांआड दडलेल्या घडांचा आहे, कारण उन्हाने मणी भाजू नयेत म्हणून पानांची सावली बागाईतदार मुद्दाम राखतो. दिसलेल्या आणि प्रत्यक्ष असलेल्या मालाचे गुणोत्तर कोणतेही यंत्र केवळ चित्रावरून खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी काही वेलींचे घड उतरवून तराजूवर घालावे लागतात, आणि वाण, मांडव किंवा पानांची दाटी बदलली की ही जुळणी पुन्हा करावी लागते.