हिरवे पान, लाल रक्त

मुलांनो, पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गेलात, तर रस्त्याच्या कडेला टाकळ्याची रोपे दाटीने उगवलेली दिसतील. आपण त्यांना गवत समजून पुढे जातो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबे मात्र त्यांची कोवळी पाने खुडून भाजी करतात.

हिरव्या पानांचे एवढे महत्त्व का? आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो. तो प्राणवायू शरीरभर पोहोचवतो. तो तयार होण्यासाठी लोह लागते. लोह कमी पडले की थकवा येतो, धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. यालाच रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी सुमारे ५९ मुलींना रक्तक्षय आढळला.

पालेभाजीत लोह असते. पण ते शरीरात सहज शोषले जात नाही. त्याला सोबत हवी. तुमच्या घरी पालक-गोश्त शिजत असेल. काही मुले गोश्त खातात आणि पालक ताटात ठेवतात. असे करू नका. गोश्ताबरोबर पानांतील लोह अधिक शोषले जाते. लिंबू पिळले तरी हाच फायदा होतो. जेवणाबरोबर चहा घेतला, तर मात्र लोह कमी मिळते. म्हणून चहा तासाभराने घ्यावा.

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास पाण्याबरोबर जीवनसत्त्वे निघून जातात. आपल्या खानदेशातील मेथीचा घोळाणा तर शिजवावाही लागत नाही. धुतलेली कोवळी मेथी, कांदा, शेंगदाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि थोडे तेल कालवले की झाला घोळाणा! शेवगा, म्हणजे उर्दूतील सहजन, अंगणात असेल तर त्याच्या पानांचीही भाजी करता येते. रानातील पाने मात्र जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय तोडू नका.

२०१५ साली राज्य शासनाने आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर व स्तनदा मातांच्या त्या जेवणातही हिरवी पालेभाजी ठेवली आहे.

फार थकवा वाटत असेल, तर केवळ भाजीवर विसंबू नका. दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. आणि आज जेवायला बसाल, तेव्हा एक गोष्ट नक्की पाहा. अनेक घरांत अम्मी आणि बहीण सर्वांत शेवटी जेवतात. त्यांच्या ताटात भाजी उरली आहे ना?