दोन देशांत वाटलेलं घर

2020 च्या मे महिन्यात करोनामुळे युरोपातल्या बहुतेक सरहद्दी बंद होत्या. त्याच वेळी रुमानियातल्या तिमिश्वारा शहरातून व्हिएन्नाकडे एक खास रेल्वेगाडी सोडण्यात आली. गाडीत बसल्या होत्या ऑस्ट्रियातल्या म्हाताऱ्या माणसांना चोवीस तास सांभाळणाऱ्या बायका. ऑस्ट्रियात 2007 मध्ये कायदेशीर झालेल्या या कामात 60,000 च्या आसपास माणसं आहेत. त्यात बहुतेक बायका, आणि त्याही मुख्यतः स्लोवाकिया आणि रुमानियातल्या. दोन ते चार आठवडे म्हाताऱ्याच्या घरी राहायचं, मग बदलीची बाई आली की आपल्या गावी परतायचं, अशी ही पाळी. साथीत ती मोडली. पाळी मोडताच ऑस्ट्रियातल्या हजारो घरांत आजीला उठवून बसवणार कोण, असा प्रश्न उभा राहिला, आणि सरकारला शेजारच्या सरकारांशी बोलून गाडी आणावी लागली.

युरोपीय एकीकरण म्हटलं की आपल्याकडे युरो, ब्रसेल्स आणि ब्रेक्झिट यांच्यावर लिहिलं जातं. समाजावर त्याचा काय परिणाम झाला याचा शोध घेणारी एक मोठी संशोधनशाखाही तिथे आहे. तिच्यातलं पुष्कळसं वाचल्यावर माझं मत असं झालं की या संशोधनानं बराच काळ एकतर सुटी माणसं मोजली, नाहीतर अख्खे देश. खरा परिणाम झाला तो घरांवर, आणि ही घरं दोन देशांत वाटलेली असल्यानं कुठल्याच देशाच्या वहीत पुरती उतरली नाहीत.

या शोधाची सुरुवात आशेनं झाली होती. प्रागमध्ये जन्मलेल्या कार्ल डॉइच या अभ्यासकानं 1957 मध्ये सहकाऱ्यांसह मांडलं की देशांमधली ये-जा, पत्रं, व्यापार वाढला की लोकांत हळूहळू आपलेपणा रुजतो. मग तो आपलेपणा मोजायला हवा. झाक-रेने राबिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या पुढाकारानं 1974 पासून युरोबॅरोमीटर ही पाहणी नियमित सुरू झाली. प्रत्येक सदस्य देशात साधारण 1000 माणसांना विचारायचं: संघात असणं चांगलं की वाईट? स्वतःला कोण समजता, फ्रेंच, युरोपीय, की दोन्ही? पन्नास वर्षांची ही मालिका अमूल्य आहे, यात वाद नाही. मात्र ती मतं टिपते. आई परदेशी असलेल्या मुलाला रात्री जेवायला कोण वाढतं, हे मतात येत नाही.

पुढे संशोधक प्रत्यक्ष देश बदलणाऱ्यांकडे वळले. एत्तोरे रेक्की आणि एड्रियन फेव्हेल यांनी संपादित केलेलं या विषयावरचं पुस्तक 2009 मध्ये आलं. त्यामागच्या पाहणीची युक्ती मला फार आवडते. जर्मनीत राहणारे इटालियन किंवा फ्रान्समध्ये राहणारे ब्रिटिश शोधायचे कसे, तर टेलिफोन डिरेक्टरीतल्या नावांवरून. जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, इटली आणि स्पेन या पाच देशांत अशा सुमारे 5000 मुलाखती झाल्या. निष्कर्ष असा की जुन्या युरोपीय संघात दुसऱ्या सदस्य देशात जाऊन राहणारे जेमतेम 2 टक्के. त्याच सुमारास अमेरिकन समाजशास्त्रज्ञ नील फ्लिगस्टीन यांनी दाखवलं की एकीकरणाचा खरा लाभ घेणारा, सीमेपलीकडे मित्र असणारा, परक्या भाषा बोलणारा वर्ग 10 ते 15 टक्क्यांचा. त्यात व्यवस्थापक आले, व्यावसायिक आले, शिकलेली तरुण मंडळी आली. बाकीच्यांचं जग आपल्या देशापुरतंच. डॉइचची आशा फोल नव्हती, तिची पोच तेवढी लहान निघाली.

पण डिरेक्टरीत नाव असायला आधी स्वतःच्या नावाचा फोन लागतो. दुसऱ्याच्या आजीच्या खोलीशेजारी झोपणारी बाई त्या यादीत यायची कुठून? शिवाय ते पाचही देश पश्चिमेचे होते, आणि 2004 मध्ये दहा नवे देश संघात आले तेव्हा ये-जा कुणाची, हे चित्रच पालटलं.

त्या पालटाचा अंदाज बांधण्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ब्रिटनच्या गृहखात्यासाठी 2003 मध्ये तयार झालेल्या अभ्यासात नव्या देशांतून वर्षाला निव्वळ 5,000 ते 13,000 माणसं येतील असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात इंग्लंड आणि वेल्समधले पोलंडमध्ये जन्मलेले रहिवासी 2001 च्या जनगणनेत 58,000 होते, ते 2011 मध्ये 5,79,000 झाले. राजकारण्यांनी अभ्यासकांची यथेच्छ टर उडवली. त्या आकड्यामागे एक अट होती: जर्मनीही आपला कामगारबाजार तेव्हाच उघडेल. जर्मनीनं तो 2011 पर्यंत बंद ठेवला. पहिल्या दिवसापासून दार उघडं ठेवलं ते ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तीनच देशांनी. अट विसरली गेली, आकडा तेवढा ब्रेक्झिटच्या सभांपर्यंत गाजत राहिला.

मोजणीतली आणखी एक गंमत आपल्या जवळची आहे. 1961 च्या डिसेंबरात मुक्त होण्यापूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. पोर्तुगाल संघात आला 1986 मध्ये, आणि हा कागद साऱ्या संघाचा परवाना झाला. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्विंडन शहरात गोंयकारांची मोठी वस्ती झाली ती यातूनच. ब्रिटनच्या ज्या तक्त्यांत राष्ट्रीयत्व मोजतात तिथे सासष्टीचा माणूस पोर्तुगीज. जन्मस्थान मोजतात तिथे तोच भारतीय. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यानं गावचं मतदान सुटलं ते वेगळंच. यातला कुठला तक्ता युरोपीय एकीकरणाचा परिणाम दाखवतो? दोन्ही, आणि अर्धा-अर्धाच.

या साऱ्यात मला सर्वांत उपयोगी वाटलेलं काम रुमानियातलं आहे. दुमित्रु सांदू या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली 2001 च्या डिसेंबरात तिथल्या 12,000 हून अधिक गावांची गणना झाली. घरोघर न जाता गावातल्या जाणत्या माणसांना विचारलं: इथून कोण परदेशी गेलं, कोण परत आलं? लोक सरसकट सगळीकडून जात नव्हते, असं दिसलं. कारखाने बंद पडल्यावर शहरातून माघारी आलेली माणसं जिथे जास्त, किंवा ॲडव्हेंटिस्ट, पेंटेकोस्टल अशा धार्मिक अल्पसंख्याकांचं प्रमाण जिथे जास्त, अशा गावांतून ती अधिक जात होती. धर्मबंधूंचं जाळं आधी सरहद्द ओलांडतं, माणूस त्याच्या मागून जातो. ही गणना अगदी वेळेवर झाली. दुसऱ्याच महिन्यात, जानेवारी 2002 मध्ये, रुमानियनांना शेंगेन प्रदेशात, म्हणजे आपसातल्या सरहद्दी खुल्या केलेल्या युरोपीय देशांत, व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं आणि गावंच्या गावं इटली-स्पेनच्या वाटेला लागली. आज इटलीतल्या परदेशी रहिवाशांमध्ये रुमानियन सर्वांत जास्त आहेत, दहा लाखांहून अधिक.

इटलीच का? भाषा जवळची, हे झालं नेहमीचं उत्तर. मला 1980 चा एक इटालियन कायदा अधिक बोलका वाटतो. दुसऱ्याच्या आधाराशिवाय ज्याचं चालत नाही अशा माणसाला तिथलं सरकार रोख भत्ता देतं, अलीकडे महिन्याला 500 युरोंच्या वर. उत्पन्नाची अट नाही आणि पैसे कुठे खर्च केले याचा हिशेब द्यायचा नाही. सरकारनं वृद्धसेवेची यंत्रणा उभारण्याऐवजी घराच्या हातात पैसे ठेवले. कुटुंबांनी त्यात भर घालून बाई ठेवली. अशा बाईला तिथे ‘बादान्ते’ म्हणतात. म्हणजे म्हातारपणाच्या इटालियन धोरणाचा अर्धा भाग रोममध्ये लिहिलेला आहे आणि उरलेला अर्धा रुमानियातल्या खेड्यांनी निभावला आहे. तो कुठल्याही करारात सापडणार नाही.

त्या खेड्यांत मागे राहिली मुलं. युनिसेफ आणि याश शहरातल्या एका संस्थेनं 2008 मध्ये केलेल्या अभ्यासानुसार आई किंवा बाप, किंवा दोघंही परदेशी असलेली मुलं 3,50,000 च्या घरात होती. सरकारी आकडे याहून कमी दिसतात. 2013 च्या कायदेदुरुस्तीप्रमाणे परदेशी कामाला जाणाऱ्या पालकानं 40 दिवस आधी समाजसेवा कार्यालयाला कळवायचं आणि मुलाला सांभाळणाऱ्याचं नाव द्यायचं असतं. मिनीबसमध्ये जागा मिळाली की निघणारी बाई 40 दिवस आधी कळवणार कशी? तिनं कळवलं नाही, तर तिचं मूल सरकारदरबारी आईजवळच असतं. बायकांचं स्वतःचं दुखणंही असंच उशिरा नोंदलं गेलं. इटलीत वर्षानुवर्षं एकटीनं रुग्णसेवा करून परतलेल्यांमधली निद्रानाश, नैराश्य ही लक्षणं 2005 च्या सुमारास आधी युक्रेनमधल्या डॉक्टरांनी टिपली. ‘इटली सिंड्रोम’ हे त्यांचं नाव पुढे रुमानियातही रुळलं, अधिकृत रोगांच्या यादीत मात्र ते नाही.

हे दोन देशांतलं घर एकदा थेट न्यायालयात उभं राहिलं. 2019 पासून ऑस्ट्रियानं परदेशी राहणाऱ्या मुलांचा बालभत्ता त्या त्या देशातल्या महागाईला जोडला. रुमानियातल्या मुलाचा भत्ता जवळपास निम्म्यावर आला. कारण वरवर पटण्याजोगं होतं, तिथे दूध-भाजी स्वस्त. 16 जून 2022 ला युरोपीय न्यायालयानं हा नियम बेकायदा ठरवला. ज्या खजिन्यातून भत्ता मिळतो त्यात त्या मुलाची आई इतरांइतकाच वाटा भरते, मग भत्ता कमी का, हा त्यामागचा तर्क. संशोधनाला जे एकक नीट धरता आलं नव्हतं, ते न्यायालयानं निदान एका बाबतीत धरलं.

2002 नंतर चाळिशीत घर सोडलेल्या बायका आता साठी ओलांडत आहेत. वेगवेगळ्या देशांतली नोकरीची वर्षं पेन्शनसाठी एकत्र धरण्याचा नियम संघात आहे, पण नोंदणीविना केलेल्या कामाची वर्षं त्यात येत नाहीत. गावी त्यांना सांभाळेल अशी मुलगी बहुधा तुरीन किंवा माद्रिदला आहे. दरम्यान रुमानियालाच माणसं कमी पडू लागली आहेत. 2022 पासून पुढची काही वर्षं तिथल्या सरकारनं संघाबाहेरच्या कामगारांसाठी वर्षाला 1,00,000 परवाने ठेवले. बांधकामावर, हॉटेलांत, डिलिव्हरीच्या कामावर येणाऱ्यांत नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश आणि भारतातली माणसं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांचीही मुलं मागे गावीच राहतात, आणि ती रुमानियाच्या कुठल्याही गणनेत धरली जात नाहीत.