पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांचा पोशाख

पोलादपूरचा एक तरुण परवा दवाखान्यात आला. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकायचे म्हणून दाखला हवा होता. कान, छाती तपासून झाल्यावर हळूच म्हणाला, "डॉक्टर, ड्रायसूट घेऊ का? आम्ही मित्र वर्गणी काढतोय."

तारकर्लीच्या कोमट समुद्रात त्याची गरज नाही, पातळ वेटसूट पुरतो. वेटसूटमध्ये शिरलेले पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होते. ड्रायसूट पाणी आत येऊच देत नाही. तो मुळात थंड पाण्यासाठीचा. पण ही मुले पावसाळ्यात बचावकार्यालाही जातात, हे कळल्यावर मला उत्तर बदलावे लागले.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल कोसळला, २२ जुलै २०२१ ला महाड शहर बुडाले. अशा पाण्यात गटार, गोठा, उंदरांचे मूत्र सारे एकत्र येते. लेप्टोचे जंतू जखमेतून, डोळ्यांतून शरीरात शिरतात. इथे ड्रायसूटचा खरा उपयोग.

घेताना फोमच्या जाड कापडाऐवजी गुळगुळीत, पदरी कापडाचा घ्यावा. तो धुऊन निर्जंतुक करणे सोपे. पायमोजे सूटलाच जोडलेले हवेत. सर्वांत महत्त्वाची गळ्याची रबरी पट्टी. सैल असेल तर पाणी शिरते. फार घट्ट असेल तर मानेच्या रक्तवाहिनीवर दाब येऊन नाडी मंदावते, भोवळ येते. म्हणून वर्गणीतला एकच सूट सर्वांना, हा हिशेब चुकीचा! निदान मापे सारखी असणाऱ्यांनीच तो वापरावा. पाण्यात उतरण्यापूर्वी खाली बसून गळ्याची पट्टी किंचित उघडावी आणि आतली हवा काढावी. हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होतो. वर लाइफ जॅकेट हवेच.

आपल्याकडच्या दमट हवेत सूटमध्ये घाम वाळत नाही. डोके दुखू लागले, मळमळले की ताबडतोब बाहेर यावे, सूट उतरवावा, पाणी प्यावे. चेहरा आणि बहुधा हात उघडेच राहतात, म्हणून लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. नंतरच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे यांपैकी काही झाल्यास पुरात उतरल्याचे आवर्जून सांगावे.

त्या तरुणाच्या पोटरीवर पत्र्याची ताजी जखम होती. दाखला लिहून ठेवला आहे, टाके निघाले की देईन.