मराठी साहित्यातील पात्रनामे : शब्दार्थ आणि सामाजिक संकेत

प्रत्यक्ष जीवनात मुलाचे नाव ठेवले जाते, तेव्हा ते पुढे कसे निघेल हे आईवडिलांना ठाऊक नसते. लेखकाला मात्र आपल्या पात्राचा शेवटही बहुधा ठाऊक असतो. त्यामुळे पात्रनामाची निवड हा लेखकाचा हेतुपूर्वक घेतलेला निर्णय मानावा लागतो. या निर्णयात नावाच्या शब्दार्थापेक्षा त्याला चिकटलेला सामाजिक संकेत अधिक प्रभावी ठरतो, असे मराठी साहित्य पाहता दिसून येते.

शब्दार्थाचा कलात्मक उपयोग राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकात ठळकपणे आढळतो. सुधाकर म्हणजे चंद्र. ‘सुधा’ म्हणजे अमृत. अमृताचे नाव धारण करणारा हा नायक मद्याने नष्ट होतो. त्याच्या पत्नीचे नाव सिंधू. पुराणकथेनुसार चंद्र, अमृत आणि वारुणी ही तिन्ही समुद्रमंथनातूनच निघाली, हे लक्षात घेतल्यास या जोडीच्या नावांतील उपरोध अधिक गडद होतो. परंतु लोकांच्या तोंडी राहिले ते सुधाकराचे नाव नव्हे, तर त्याला दारूची वाट दाखवणाऱ्या तळीरामाचे. आज वृत्तपत्रांतही ‘तळीराम’ हे मद्यपीसाठी सामान्यनाम म्हणून वापरले जाते. हे यश शब्दार्थाचे नसून पात्राचे आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर. येथे नाव वारकऱ्यांच्या दैवताचे, तर आडनाव गावाचे. मराठी आडनाव गाव, वतन किंवा व्यवसाय सांगते आणि वाचक त्यावरून जातीचाही तर्क करतो. आडनाव गाळल्याने लेखकाची यातून सुटका होत नाही, कारण केवळ पहिले नावही बरेच काही बोलून जाते.

यामागे जुनी परंपरा आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. मात्र दगडू, धोंडू यांसारखी सर्वच नावे या दंडकातून आलेली नाहीत. आधीची मुले दगावल्यावर जन्मलेल्या बाळावर मृत्यूची किंवा दुष्ट नजर पडू नये, म्हणून मुद्दाम अनाकर्षक नाव ठेवण्याची रीत अनेक जातींत होती. त्या नावात आईची भीती आणि माया दडलेली असे. आपल्या विनोदी वाङ्मयाने मात्र ही नावे गड्याला किंवा गावंढळ पात्राला देऊन केवळ हशा मिळवला. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या आणि १९५८ मध्ये भारतरत्न ठरलेल्या महर्षी कर्वे यांचे नाव धोंडोच होते, याचा अशा वेळी सोयीस्कर विसर पडतो. नावातील धोंडा तोच. हसू येते की नाही, हे पुढील आडनावावर ठरत असावे.

अशा नावाला नायकपद मिळाल्याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे २०१४ मधील ‘टाइमपास’ हा चित्रपट. त्याचा नायक दगडू परब, तर नायिका प्राजक्ता लेले. एक नाव दगडाचे, दुसरे फुलाचे. या प्रेमाला घरातून विरोध का होणार, हे प्रेक्षकाला ही दोन नावे ऐकताच उमगते.