ग्रामसभेंतील तक्रार आणि तिचें लेखी रूप

बोलणाऱ्याचें तोंड दुखतें, ऐकणाऱ्याचे कान किटतात, आणि काम मात्र जेथल्या तेथें राहतें, असा अनुभव ग्रामसभेहून परतणाऱ्या पुष्कळ शेतकरी बंधूंस येतो. मग सर्व दोष सरपंचाच्या माथीं मारून आपण मोकळे होतों. मीं महसूल खात्यांत सारी हयात कारकुनी केली व नुकताच सेवानिवृत्त झालों. टेबलाच्या पलीकडून जें दिसलें त्यावरून माझें असें मत बनलें आहे कीं, न्याय्य तक्रारींपैकीं पुष्कळशा केवळ तोंडी राहिल्यामुळेंच बुडतात.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. तालुक्यांतील एका गांवची दहा-बारा खातेदार मंडळी फेब्रुवारी महिन्यांत माझ्या टेबलाशीं आली. त्यांच्या शिवारांत जाणारी गाडीवाट एका खातेदारानें मृगाच्या तोंडावर चर खणून व काटेरी कुंपण घालून बंद केली होती. खरिपाचा कांदा काढल्यावर गोण्या डोक्यावरून सडकेपर्यंत वाहाव्या लागल्या. नफा हमालींत गेला, आणि पावसांत सांपडलेला माल बांधावरच सडला. "आबा, इतके दिवस तुम्ही काय करीत होतां?" असें मीं त्यांच्यांतील वृद्ध गृहस्थास विचारलें. ते म्हणाले, "भाऊसाहेब, गप्प कोठें बसलों? पंधरा ऑगस्टला बोललों, दोन ऑक्टोबरला बोललों, सव्वीस जानेवारीला तर भांडलों." परंतु तिन्ही सभांच्या इतिवृत्तांत त्या विषयाची एक ओळही नव्हती.

मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ प्रमाणें वहिवाटीच्या वाटेंत केलेला अडथळा तहसीलदार दूर करवूं शकतो. पण त्यासाठीं अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल व्हावा लागतो. येथें तर आठ महिने उलटले होते. तो मार्ग बंद झाला, हें सांगणें माझ्या वाट्यास आलें. आबा कांहीं बोलले नाहींत. टोपी सारखी करून उठले.

त्या सायंकाळीं मला माझेच शेरे आठवूं लागले. "अर्ज मोघम, सबब दप्तरीं दाखल" असें मीं किती कागदांवर लिहिलें असेल! अर्ज मोघम होते हें खरें. पण ते कोठें व कसे करावे हें सांगण्यास चार शब्द पुरले असते. दुसऱ्या दिवशीं निरोप पाठवून मंडळींस परत बोलाविलें व गांवनकाशा उलगडला. ती वाट नकाशांत तुटक दुहेरी रेषेनें दाखविलेली, म्हणजे सार्वजनिक गाडीमार्ग, निघाली. अशा सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नें पंचायतीसच दिला आहे. मंडळींनीं गट क्रमांक, अडथळ्याचा महिना, बाधित खातेदारांचीं नांवें व नकाशाची नक्कल असा अर्ज तयार केला. १ मेच्या सभेंत तो वाचवून घेतला व ठराव लिहविला. पंचायतीची नोटीस निघाली, मंडळ अधिकाऱ्यानें पंचनामा केला, आणि मृगापूर्वीं चर बुजला. परंतु गेलेला हंगाम गेला तो गेलाच.

लिहून ठेवण्याची ही चाल सरकारी दप्तरानें नवी आणलेली नाहीं. आपल्याकडे गोतसभेचा निवाडा झाला कीं, महजर होई. हजर असलेल्या वतनदारांच्या साक्षी त्यावर पडत, आणि अक्षरशत्रु पाटील नांगराची निशाणी करी. बोलणें पांढरीवर होई, पण निवाडा कागदावर राही. आजच्या ग्रामसभेस तर कायद्याचें पाठबळ आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानें तिची घडण केली, आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें तिला राज्यघटनेंत स्थान दिलें. आर्थिक वर्षांत किमान चार सभा व्हावयास हव्यात. प्रत्येक नियमित सभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते; पाणी व गटारें यांविषयीं खरी माहिती तेथेंच मिळते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकीं जी संख्या कमी, तितकी गणपूर्ति लागते. वर्षाच्या पहिल्या सभेंत जमाखर्च व लेखापरीक्षणाचे शेरे मांडावे लागतात. त्या दिवशीं गैरहजर राहणारानें पुढें पैशाचा हिशेब विचारावा हें शोभत नाहीं.

कोणती तक्रार कोठें न्यावी, हेंही जाणलें पाहिजे. गांवठाणांतील रस्ते, दिवे, गटारें, सार्वजनिक विहिरी हें पंचायतीचें काम. शेतास वाटच नसेल, तर बांधावरून नवी वाट मागण्याचा अर्ज महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ खालीं तहसीलदाराकडे करावा. हद्दीचा वाद असेल, तर भूमि अभिलेख कार्यालयांतून मोजणी आणावी. ग्रामसभेनें अशा कामीं ठराव करून पाठिंबा द्यावा. पण तेवढ्यावर विसंबून मुदत घालवूं नये.

अर्ज लांबलचक नको. काय झालें, कोणत्या गटांत, केव्हांपासून, किती जणांस त्रास, आणि पंचायतीनें नेमकें काय करावें, एवढें एका पानावर लिहावें. दोन प्रती कराव्या. एकीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी. सभेची नोटीस सात दिवस आधीं निघते. ती लागण्यापूर्वींच अर्ज द्यावा, म्हणजे विषय विषयपत्रिकेवर येतो. सभेंत सूचक व अनुमोदक यांच्या नांवांनिशीं ठराव लिहवावा, आणि पुढील सभेंत मागील इतिवृत्त वाचलें जातांना "या ठरावाचें पुढें काय झालें?" एवढाच प्रश्न शांतपणें विचारावा. इतिवृत्ताची नक्कल माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वयेंही मिळते.

शेवटीं आपणां जमीनधारकांस एक विनंति. भाऊबंदकीचा दावा सार्वजनिक तक्रारीचें सोंग घेऊन सभेंत आणूं नये. तेथें भूमिहीन मजुराचें मत आपल्या मताइतकेंच आहे, आणि त्याच्या वस्तीवरील चिखल हाही गांवचाच चिखल आहे. त्याच्या अर्जावर आपली सही असली, तर आपल्या वाटेच्या अर्जावर त्याची सही मागतांना संकोच वाटणार नाहीं. पुढील सभेस जातांना आवाज घरीं ठेवावा आणि कागद बरोबर न्यावा.